फ्लूची साथ आली आणि टाळेबंदी नसली, तर कारखाना कसा चालवायचा?

खोकेवाला_हिंगणा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात मी व्यवस्थापक आहे. कायम आणि कंत्राटी मिळून सत्तरएक माणसे, दोन पाळ्या, एक बॉयलर, एक कोरुगेशनचे (वाफेच्या उष्णतेने कागदाला नागमोडी वळ्या पाडून पुठ्ठा बनवण्याचे) यंत्र आणि त्यापुढे छपाई, कटिंग, पिना मारणे व चिकटवणे, एवढा आमचा पसारा आहे. माल मुख्यतः औषधे आणि खाद्यपदार्थ बनवणाऱ्या कंपन्यांना जातो. त्यांपैकी एका मोठ्या ग्राहकाने यंदाच्या तपासणीच्या प्रश्नावलीत एक नवा प्रश्न घातला आहे. फ्लूची जागतिक साथ आल्यास कामगारांचे संरक्षण आणि मालाचा पुरवठा या दोन्हींसाठी तुमची लेखी योजना कोणती, असे त्यांनी विचारले आहे.

मालकांनी एका सल्लागाराकडून योजना लिहून घेतली. ती चाळीस पानांची आहे आणि तिच्यातला पहिलाच उपाय 'शक्य त्या सर्वांनी घरून काम करावे' असा आहे. खोक्याला पिना घरून कशा माराव्यात, हे मात्र त्या चाळीस पानांत कोठेही सापडले नाही. आता ते बाड माझ्या टेबलावर आले असून 'आपल्याला लागू पडेल तेवढे दोन पानांत लिहा' असा हुकूम झाला आहे.

कोविडमध्ये सरकारने सांगितले तेव्हा आपण बंद ठेवले आणि सांगितले तेव्हा उघडले, त्यामुळे स्वतःचे डोके चालवण्याची वेळ फारशी आली नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. कारखाना चालू ठेवण्याची परवानगी आहे, ऑर्डरी आहेत, पण माणसे एकामागून एक आजारी पडत आहेत, अशा सहा-आठ आठवड्यांत सर्वांत आधी काय कोलमडते, आणि त्याची तयारी आजपासून कशी करावी?

निवृत्त_कारखाना_डॉक्टर

प्रश्न नेमका विचारलात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फ्लू आणि कोविड यांच्यातला कारखान्याच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक वेगाचा आहे. फ्लूचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण एक ते चार दिवस, सरासरीने दोन दिवस जातात, आणि लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच ते सात दिवस माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकतो. त्यामुळे आजारी माणसाच्या संपर्कात कोण कोण आले याची यादी करून त्यांना घरी बसवण्याचा खटाटोप फ्लूमध्ये फारसा उपयोगी पडत नाही, कारण यादी पूर्ण होईपर्यंत त्यातील निम्मे जण पुढे आजार देऊन मोकळे झालेले असतात. तुमचे सगळे बळ एकाच गोष्टीवर लावा. ज्याला ताप आणि खोकला आहे त्याने पाळीवर येऊ नये, पाळीवर असताना ताप भरला तर तासाभरात घरी जावे, आणि तापाची गोळी न घेता पूर्ण चोवीस तास ताप आला नाही तरच परत यावे.

'गोळी न घेता' हे शब्द तुमच्या दोन पानांत ठळक छापा. सकाळी सहाला पॅरासिटामॉल घेऊन आलेला कामगार गेटवरच्या तापमापकाला निरोगीच दिसतो.

वर्गवारीसाठी नवे काही शोधू नका. २००९ च्या स्वाइन फ्लूपासून आरोग्य मंत्रालयाची अ, ब, क अशी पद्धत प्रचलित आहे. साधा ताप-खोकला म्हणजे अ, त्याने घरी विश्रांती घ्यावी, तपासणीची गरज नसते. ताप जास्त असेल, किंवा रुग्ण गर्भवती, वयस्कर, लहान मूल, मधुमेही अथवा दमेकरी असेल तर ब, आणि त्याने डॉक्टरच्या सल्ल्याने ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचे औषध सुरू करावे. ते पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत सुरू झाले तर सर्वाधिक उपयोगी पडते. धाप लागणे, छातीत दुखणे, गुंगी येणे, ओठ-नखे निळी पडणे म्हणजे क. त्याला थेट मेयो, मेडिकल, एम्स किंवा जे रुग्णालय जवळ असेल तेथे हलवायचे. ही तीन अक्षरे तुमच्या पाळी-पर्यवेक्षकाला तोंडपाठ असली पाहिजेत. ऑसेल्टामिविरचा साठा करून कारखान्यात वाटू नये.

तिसरी_पाळी

डॉक्टरसाहेबांनी सांगितलेले सर्व मान्य आहे, फक्त ते कोण पाळणार हा प्रश्न आहे. मी बरीच वर्षे कंत्राटी कामगार म्हणून काढली असून आता कामगारांच्या प्रश्नांवर काम करतो. आजारी माणूस पाळीवर येतो त्याचे कारण अज्ञान नसते. त्याचे कारण पगारपत्रकावर छापलेले असते, आणि त्याचे नाव हजेरी बोनस. महिन्यात एकही खाडा नसेल तर बोनस, एक खाडा झाला तर अर्धा, दोन झाले तर शून्य, अशी पद्धत हिंगण्यापासून बुटीबोरीपर्यंत सर्वत्र आहे. म्हणजे ताप अंगावर काढणाऱ्याला आपण दरमहा बक्षीस देतो आणि साथीच्या काळात तोच मनुष्य आला म्हणून कपाळाला हात लावतो.

दुसरी बाब कामगार विम्याची. आजारपणाच्या काळात सरासरी रोजच्या मजुरीच्या सत्तर टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते, हे सगळे सांगतात. पण आजारपणाचे पहिले दोन दिवस प्रतीक्षेचे असून त्यांचे पैसे मिळत नाहीत, हे कोणी सांगत नाही. आधीच्या आजारपणानंतर पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडल्यास ती अट लागत नाही, हा अपवाद. फ्लूचे आजारपण मुळात पाच-सहा दिवसांचे. त्यातले दोन दिवस बिनपैशाचे आणि उरलेल्या तीन-चार दिवसांच्या सत्तर टक्क्यांसाठी दाखला, फॉर्म आणि हेलपाटे. रोजंदारीवरचा माणूस हा हिशेब तोंडी करतो आणि गोळी घेऊन पाळीवर येतो.

खोकेवाला भाऊ, तुमच्या दोन पानांतले पहिले वाक्य असे असू द्या: साथ जाहीर झाल्यापासून ती संपेपर्यंत तापामुळे घरी राहिलेल्याचा हजेरी बोनस कापला जाणार नाही आणि पहिल्या दोन दिवसांचा रोज कंपनी देईल. ते वाक्य नसेल तर मास्क, साबण आणि फलक यांवरचा खर्च वाचवा.

तर्रीबाज

वरील प्रतिसादास पूर्ण अनुमोदन. तरीही एक भाबडी शंका आहे. आत यंत्रांमध्ये सहा-सहा फुटांचे अंतर आखायचे आणि सुटी झाली की सगळ्यांनी गेटबाहेरच्या तर्री-पोह्याच्या ठेल्यावर खांद्याला खांदा लावून उभे राहायचे, याला योजनेत काय म्हणतात? शिवाय खर्रा, म्हणजे आपले घोटलेले सुपारी-तंबाखूचे मिश्रण, राहिलाच. एक जण पन्नीत घोटतो, पन्नी चौघांत फिरते, चौघांची बोटे त्यात आणि मग तोंडात. नागपुरातील कोणत्याही सल्लागाराने खर्ऱ्यावर एक परिच्छेद लिहिला नाही तर त्याची चाळीस पाने रद्दीत घाला. खोकी तरी होतील.

निवृत्त_कारखाना_डॉक्टर

तर्रीबाज, तुमची थट्टा शंभर टक्के शास्त्रीय आहे. फ्लू मुख्यतः खोकल्या-शिंकण्यातून जवळच्या माणसाला होतो, पण हातावरून नाका-तोंडात जाण्याचा मार्गही आहे, आणि गुळगुळीत कठीण पृष्ठभागावर हा विषाणू चोवीस ते अठ्ठेचाळीस तास तग धरू शकतो. सामायिक खर्रा, पाण्याच्या टाकीला साखळीने बांधलेला एकच पेला आणि अंगठा लावण्याचे हजेरी यंत्र, या तिन्हींचा बंदोबस्त फुकटात होतो. साथीत अंगठा बंद करून नोंदवहीवर यावे, पाण्यासाठी ज्याची त्याची बाटली असावी, आणि खर्ऱ्याबाबत निदान 'आपला आपण' एवढा तरी नियम करावा. खर्रा सोडाच, असे सांगून मी निवृत्त झालो. कोणी सोडला नाही.

मिहानकर

मी मिहान या नागपूरच्या औद्योगिक क्षेत्रातील एका सॉफ्टवेअर कंपनीत मनुष्यबळ विभागात आहे. घरून कामाच्या उपायाला सर्वांनी हसण्यावारी नेले, म्हणून थोडा वेगळा सूर लावते. पिना घरून मारता येत नाहीत हे खरे, पण तुमच्या सत्तरांपैकी हिशेब, खरेदी, विक्री आणि डिस्पॅचचे कागद पाहणारी सात-आठ माणसे असतीलच. ती घरी बसली तर कार्यालयातील गर्दी कमी होते आणि त्यांच्यापासून शॉपफ्लोअरवर, म्हणजे यंत्रांवरच्या कामगारांकडे, आणि उलट जाणारा आजारही अडतो. याची रंगीत तालीम साथ येण्यापूर्वी एक दिवस करून पाहावी, कारण अडचणी तेव्हाच कळतात. आमच्या ओळखीच्या एका कारखान्यात अशी तालीम झाली तेव्हा ई-वे बिल, म्हणजे माल वाहून नेण्यासाठी लागणारा ऑनलाइन परवाना, घरून काढता आले नाही, कारण ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो मालकांच्या धाकट्या भावाचा जुना क्रमांक होता आणि ते त्या दिवशी पचमढीला होते. माल भरलेली गाडी संध्याकाळपर्यंत गेटवर उभी राहिली.

तिसरी_पाळी

ताई, कार्यालयातले सात जण घरी सुरक्षित आणि शॉपफ्लोअरवरचे साठ जण बसला लटकून कामावर, याला कामगार संरक्षण म्हणायला मन धजत नाही. तुमचा मुद्दा चुकीचा नाही, पण त्या योजनेची सुरुवात तिथून होत असेल तर ती योजना कोणासाठी लिहिली आहे हे कामगाराला लगेच कळते.

मिहानकर

मान्य. सुरुवात तिथून करू नये. पण वगळूही नये. पगार वेळेवर जमा करणारा मनुष्य आजारी पडला तर तुमचे साठ जणच अडकतात.

इतवारी_पेढी

आमची इतवारीत किराण्याची घाऊक पेढी आहे. सात माणसे आहेत, म्हणजे कामगार विमा नाही आणि दुकाने व आस्थापना कायद्यातली रजेची तरतूदही आम्हाला बंधनकारक नाही. बहुतेक लहान व्यापाऱ्यांची हीच अवस्था आहे आणि असे धागे मोठ्या कारखान्यांपुरतेच मर्यादित राहतात, म्हणून लिहितो.

आमच्याकडे हमाल बदलता येतो, मालकही बदलता येतो, कारण मी नसलो तर मुलगा गल्ल्यावर बसतो. बदलता येत नाही तो दिवाणजी. कोणाकडे किती उधारी, कोण वेळेवर देतो, कोणाला तगादा लावला की तोंड फिरवतो, हे सर्व त्यांच्या डोक्यात असते. कोविडच्या दुसऱ्या लाटेत ते तीन आठवडे रुग्णालयात होते तेव्हा आम्ही वसुलीला फोन कोणाला करायचा हेच ठरवू शकलो नाही. तेव्हापासून दर शनिवारी ते मुलाला शेजारी बसवून बाकीची यादी वाचून दाखवतात. मनुष्य दुसऱ्याला शिकवायला सहज तयार होत नाही, कारण आपली किंमत कमी होईल अशी त्याला भीती वाटते. आम्ही दिवाणजींना शिकवण्याचा वेगळा मोबदला ठरवून दिला, मग काम झाले.

रजेबाबत आमचा नियम तोंडी आहे. तापात आलास तर परत पाठवीन, पण रोज कापणार नाही. सात माणसांत हे परवडते. सत्तरांत परवडते का, ते खोकेवाल्यांनी सांगावे.

शंकासुर

सर्वांचा अभ्यास दांडगा आहे, पण मला या साऱ्या खटाटोपाचे कारणच उमगत नाही. २००९ मध्ये स्वाइन फ्लू आला, पुण्यात घबराट झाली, शाळा बंद झाल्या, आणि नागपुरातील किती कारखाने त्यामुळे बंद पडले? एकही नाव आठवत नाही. ग्राहकाला कागद हवा आहे, सल्लागाराचा कागद द्या आणि कामाला लागा. साथ आली तर जे सगळे करतील ते आपणही करू.

निवृत्त_कारखाना_डॉक्टर

शंकासुर, २००९ ची साथ जागतिक आरोग्य संघटनेने ११ जून २००९ रोजी जाहीर केली आणि ऑगस्ट २०१० मध्ये संपल्याचे सांगितले. भारतातील पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ च्या आरंभी पुण्यात झाला. आपल्या देशात बनलेली त्या विषाणूवरची लस मात्र २०१० च्या मध्यावर बाजारात आली. म्हणजे पहिले वर्ष लसीवाचून काढावे लागले. ती साथ सौम्य निघाली हे आपले नशीब, आणि नशीब हे नियोजन नव्हे. तोच विषाणू पुढे हंगामी होऊन २०१५ मध्ये परतला तेव्हा नागपूर व विदर्भाला त्याची झळ चांगलीच बसली, हे येथील डॉक्टरांना आठवत असेल.

दुसऱ्या टोकाला १९१८ ची फ्लूची साथ आहे. त्या वर्षीच्या सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या लाटेत आपला तेव्हाचा मध्य प्रांत व वऱ्हाड हा देशातील सर्वाधिक मृत्युदर असलेल्या प्रदेशांपैकी होता. तेव्हा मेलेल्यांत वीस ते चाळीस वयाच्या धडधाकट माणसांचे प्रमाण फार मोठे होते. नेहमीचा फ्लू म्हातारे आणि तान्ही मुले नेतो. साथीचा नवा फ्लू कमावत्या वयाच्या माणसालाही गाठू शकतो. कारखान्याने काळजी करायची ती याची.

गोरेवाडा_परिसर

विषयाला धरूनच एक माहिती. डिसेंबर २०२४ मध्ये येथील गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले आणि भोपाळच्या प्रयोगशाळेने जानेवारीत बर्ड फ्लूचे, म्हणजे एच५एन१ चे निदान केले. आमच्या परिसरात तेव्हा चिकनची दुकाने ओस पडली होती. साथ माणसांत आलीच तर ती कोठून येऊ शकते, याची चुणूक आपल्याच गावात मिळाली आहे, तेव्हा शंकासुरांनी अगदीच निश्चिंत राहू नये.

निवृत्त_कारखाना_डॉक्टर

माहिती बरोबर आहे, फक्त अर्थ काढताना सावध राहावे. एच५एन१ पक्ष्यांकडून काही सस्तन प्राण्यांत आणि क्वचित माणसांत जातो. माणसाकडून माणसाला सहज पसरणारे रूप त्याने अजून घेतलेले नाही. व्यवस्थित शिजवलेल्या कोंबडीने तो होत नाही. ज्यांचा कारखाना पोल्ट्रीचा किंवा चिकन प्रक्रियेचा आहे त्यांच्यासाठी मात्र ही आजची बाब आहे. मेलेले पक्षी उघड्या हातांनी उचलू नयेत, आणि पक्षी अचानक मोठ्या संख्येने मेल्यास पशुसंवर्धन विभागाला लगेच कळवावे. खोकेवाल्यांकडे परत वळू या.

तपासणीस

मी अशाच ग्राहकांच्या वतीने पुरवठादारांची तपासणी करतो, म्हणून टेबलाच्या पलीकडच्या बाजूने सांगतो. चाळीस पाने कोणी वाचत नाही. मी तीन गोष्टी पाहतो: योजना शॉपफ्लोअरवरच्या माणसाला माहीत आहे का, बदली माणूस खरोखर तयार आहे का, आणि तिची तालीम झाली आहे का.

अशा बहुतेक योजनांत 'चाळीस टक्के गैरहजेरी' हा आकडा असतो. तो अमेरिकी सरकारच्या नियोजनातून आला आहे. तीव्र साथीच्या शिखराच्या आठवड्यांत आजारी, घरच्यांची शुश्रूषा करणारे आणि घाबरून न येणारे, असे सगळे मिळून चाळीस टक्क्यांपर्यंत माणसे गैरहजर राहू शकतील असे धरून चाला, एवढाच त्याचा अर्थ. ते भाकीत नाही. त्यांच्याच कामगार सुरक्षा विभागाने कामांची चार जोखीम-पातळ्यांत विभागणी केली आहे. रुग्णाच्या श्वासनलिकेशी थेट काम करणारे सर्वांत वर, रुग्णांची ने-आण करणारे त्याखाली, लोकांशी वा सहकाऱ्यांशी सतत जवळून संबंध येणारे तिसरे आणि तसा संबंध न येणारे चौथे. तुमचा कारखाना तिसऱ्या-चौथ्या पातळीवर येतो, त्यामुळे सर्वांना एन-९५ देण्याची भाषा सल्लागाराने केली असेल तर ती खोडून टाका.

आता काम. माणसांची यादी करू नका, कामांची करा. प्रत्येक कामापुढे ते आज कोण करतो, उद्या तो नसला तर कोण करेल, आणि दोघेही नसले तर काय, असे तीन रकाने भरा. जेथे दुसरा रकाना रिकामा राहतो, तेथे तुमचा कारखाना बंद पडतो.

खोकेवाला_हिंगणा

सर्वांचे आभार. तपासणीस यांनी सांगितलेले तीन रकाने काल पर्यवेक्षकांना घेऊन भरले. मला वाटत होते की छपाई यंत्राच्या ऑपरेटरपाशी गाडे अडेल, पण त्याचे काम दोघांना येते. रकाना रिकामा राहिला तो बॉयलर अटेंडंटचा. नियमाप्रमाणे प्रमाणपत्रधारक अटेंडंटशिवाय बॉयलर चालवता येत नाही, आणि आमच्याकडे एका पाळीचा एक याप्रमाणे दोनच आहेत. ते दोघे सख्खे शेजारी असून एकाच मोटारसायकलवरून वाडीहून येतात. एकाला फ्लू झाला की दुसऱ्याला दोन दिवसांत होणार हे डॉक्टरांच्या गणिताने स्पष्टच आहे. वाफ नाही म्हणजे कोरुगेशन नाही, आणि कोरुगेशन नाही म्हणजे पुढचे पन्नास जण तंदुरुस्त असूनही हातावर हात ठेवून बसणार.

तयार खोक्यांचा साठा करून ठेवावा, असे मालकांनी सुचवले. ते आम्हाला मानवत नाही. पावसाळ्यात पुठ्ठा हवेतली ओल ओढतो आणि खोक्याची भार पेलण्याची ताकद उतरते. थप्पीतली खालची खोकी बसतात. आणि आपल्याकडे फ्लूचा मोठा जोरही पावसाळ्यातच असतो.

वाफेवरचा

भाऊ, मी स्वतः बॉयलरवर काम करतो. दोन उपाय आहेत. एक लांबचा: तुमच्या फायरमनपैकी जो हुशार असेल त्याला परीक्षेला बसवा. अनुभवाची अट, अर्ज आणि परीक्षा यांत वेळ जातो, म्हणून ते आजच सुरू करायला हवे. साथ आल्यावर प्रमाणपत्र मिळत नसते. दुसरा जवळचा: हिंगण्यात तुमच्यासारखी आणखी युनिटे आहेत. त्यांच्यापैकी दोघांशी आधीच बोलून ठेवा की तुमचा बॉयलर बंद पडला तर ते कोरुगेटेड शीट देतील, आणि त्यांचा पडला तर तुम्ही द्याल. कटिंग, छपाई, पिना यांना वाफ लागत नाही, म्हणजे पुढचे पन्नास जण कामावर राहतील. दर आधी ठरवा. अडचणीच्या वेळी ठरवलेला दर मैत्रीचा नसतो.

आणि त्या दोघांना वेगवेगळे यायला सांगा. पेट्रोलचे पैसे द्या म्हणजे ऐकतील.

वॉर्डातली_सिस्टर

मास्कविषयी लिहिते. एन-९५ चेहऱ्याला घट्ट बसला तरच त्याचा उपयोग होतो. दाढी असेल तर कडेने हवा शिरते. बॉयलरजवळ किंवा मे महिन्यात पत्र्याखाली आठ तास तो कोणी घालू शकणार नाही, घातला तर नाकाखाली ओढून ठेवील. शॉपफ्लोअरवर साधा तीनपदरी सर्जिकल मास्क द्या, तो घामाने ओला झाला की बदलता येईल एवढे द्या, आणि एन-९५ फक्त आजारी कामगाराला गाडीतून नेणाऱ्या माणसासाठी ठेवा. मास्क सर्वांत आधी आजारी माणसाच्या तोंडावर हवा.

मी पूर्वी ज्या रुग्णालयात होते, तेथे २०१५ मध्ये मास्कचा साठा भरपूर होता, पण तो कुलपात होता. किल्ली स्टोअरकीपरकडे होती आणि तो स्वतःच तापाने घरी पडला होता. पहिल्या रात्री आम्ही रुमाल बांधून काम केले. तुमच्या तीन रकान्यांत किल्ल्यांचाही रकाना असू द्या.

शंकासुर

हे मात्र पटले. किल्ल्यांचा रकाना मी आमच्या गोदामातही करणार आहे. बाकी मतांवर मी ठाम आहे.

तर्रीबाज

साथीने काय होईल ते होवो, या धाग्याने शंकासुरांना एका मुद्द्यावर तरी सहमत केले. याची नोंद व्हावी.

धरमपेठ_वातानुकूलक

माझे काम एसी आणि कूलर बसवण्याचे आहे. वायुवीजनाबद्दल कोणीच लिहिले नाही. स्प्लिट एसी खोलीतली तीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो, बाहेरची हवा आत आणत नाही. आपला नागपुरी डेझर्ट कूलर मात्र वाळ्याच्या ताट्यांतून बाहेरची हवा ओढतो, आणि समोरची खिडकी उघडी असेल तरच नीट गारवा देतो. तेव्हा साथ उन्हाळ्यात आली तर कार्यालयातला एसी बंद करून कूलर लावावा. पावसाळ्यात कूलरने नुसता चिकचिकाट होतो, त्या वेळी पंखा, उघड्या खिडक्या आणि एक एक्झॉस्ट पंखा एवढे पुरे. खरी अडचण डिसेंबर-जानेवारीची, कारण थंडीत सगळे दारे-खिडक्या लावून बसतात आणि फ्लूचा दुसरा जोर त्याच सुमारास सुरू होतो. एक्झॉस्ट पंखा आतली हवा बाहेर फेकेल अशाच दिशेने बसवा. उलटा बसवलेला मी पाहिला आहे.

मिहानकर

हंगामी लसीबद्दल डॉक्टरसाहेबांचे मत हवे आहे. आमच्याकडे दरवर्षी शिबिर होते, पण ते ऑक्टोबरमध्ये होते.

निवृत्त_कारखाना_डॉक्टर

लसीतले विषाणू दरवर्षी बदलतात; जागतिक आरोग्य संघटना उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरमध्ये शिफारस करते. लस टोचल्यापासून संरक्षण तयार व्हायला दोनएक आठवडे लागतात. आपला मोठा हंगाम पावसाळ्याचा असल्याने नागपुरात एप्रिल-मेमध्ये शिबिर घेणे जास्त शहाणपणाचे. नव्या साथीच्या विषाणूवर हंगामी लस चालेलच असे नाही, आणि नवी लस तयार व्हायलाच चार ते सहा महिने लागतात. तरीही शिबिराचा एक आडवा फायदा होतो. लस द्यायला कोण येतो, नोंद कोण ठेवतो, दोन पाळ्यांना कसे बोलवायचे, हे सगळे बसलेले असते, आणि खरी लस हाती येते तेव्हा तुमचा एक आठवडा वाचतो. पैसे मोजकेच असतील तर मधुमेही, दमेकरी, पन्नाशीपुढचे आणि गर्भवती कर्मचारी यांना आधी द्यावी, मग बॉयलरवाल्यांना.

खोकेवाला_हिंगणा

आज मालकांशी दोन तास बैठक झाली. झाले ते असे. शीटच्या देवाणघेवाणीबाबत शेजारच्या एका युनिटने होकार दिला, दुसरे दर ठरवत आहे. एका फायरमनला परीक्षेला बसवायचे ठरले. ई-वे बिलाचा मोबाइल क्रमांक तपासला; तो तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा निघाला, त्यामुळे मिहानकर ताईंचे विशेष आभार. किल्ल्यांची यादी लागली. दोन पाळ्यांमध्ये अर्ध्या तासाचे अंतर ठेवायचे, म्हणजे गेटवर आणि पोह्यांच्या ठेल्यावर एकाच वेळी सत्तर माणसे जमणार नाहीत. अंगठा बंद, बाटली ज्याची त्याची.

हजेरी बोनसवर बराच खल झाला. साथ कधी सुरू झाली आणि कधी संपली हे कोण ठरवणार, नाहीतर बारा महिने सगळ्यांना ताप येईल, असे मालकांचे म्हणणे होते. शेवटी असे ठरले की आरोग्य विभागाने साथ जाहीर केल्यापासून, किंवा एका आठवड्यात आमच्या दहा टक्के माणसांना ताप आला तर त्या दिवसापासून हा नियम लागू होईल आणि दर पंधरवड्याला त्याचा फेरविचार होईल. कायम कामगारांचा बोनस कापला जाणार नाही, आणि पहिल्या दोन दिवसांचा रोज कंपनी देईल. कंत्राटी कामगारांचा विषय कंत्राटदाराचा आहे, असे म्हणून मालकांनी तो बाजूला ठेवला.

तिसरी_पाळी

भाऊ, एवढे मिळवलेत त्याबद्दल अभिनंदन. पण तुमच्याकडे कंत्राटी किती आहेत?

खोकेवाला_हिंगणा

चाळीसच्या आसपास. पिना, चिकटवणे आणि गाडी भरणे हे जवळजवळ पूर्ण त्यांच्याकडेच आहे.

तिसरी_पाळी

मग तुमची योजना तीस जणांची आहे आणि विषाणू सत्तरांना ओळखतो. कायम कामगार ताप आला की घरी राहील आणि त्याच्याच शेजारी उभा असलेला कंत्राटी मुलगा गोळी घेऊन पिना मारील.

मालकांना तत्त्व सांगू नका, हिशेब दाखवा. चाळीसपैकी दहा जण प्रत्येकी दोन दिवस घरी राहिले तर वीस रोज होतात. त्याच्यासमोर पिनांचा विभाग एक दिवस पूर्ण बंद राहिल्यास उशिरा गेलेल्या मालाबद्दल ग्राहक किती दंड कापतो, तो आकडा तुमच्या करारात असेल, तो लिहा. आणि कंत्राटदाराच्या करारात असे कलम घाला: 'साथीच्या काळात तापामुळे अनुपस्थित राहिलेल्या कामगाराचा पहिल्या दोन दिवसांचा रोज कंत्राटदार देईल व मुख्य मालक त्याची भरपाई मासिक बिलात करील, अशा अनुपस्थितीच्या कारणावरून कोणाही कामगारास बदलता किंवा कमी करता येणार नाही.' शेवटचा भाग गाळू देऊ नका. पैसे मिळाले तरी जागा जाईल ही भीती असेल तर मुलगा येणारच.

तपासणीस

हे कलम असलेली योजना माझ्यासमोर आली तर मी कंत्राटी कामगारांपैकी दोघांना बाजूला बोलावून त्यांना ते माहीत आहे का, एवढेच विचारीन.

खोकेवाला_हिंगणा

दंडाचा आकडा करारात सापडला. एका दिवसाचा दंड वीस रोजांच्या कितीतरी वर जातो. हिशेब एका कागदावर मांडला आहे, सोमवारी मालक आणि कंत्राटदार या दोघांना एकत्र बसवतो. कलम हिंदीतही करून घेतो, कारण पिनांवरची बरीच मुले बालाघाट आणि छिंदवाड्याकडची आहेत.